पत्त्यांच्या डावातल्या दहा उठाबशा

आल्विना फेट्झर कष्टाळू बाई, असं होफनटाल गावात कुणालाही विचारा, सांगतील. आणि ते खोटं नव्हतं. पहाटे उठून ती शाळेच्या बसमध्ये बसायची, मुलं पोचवून घरी आली की कॉफी घेऊन बसायची, दुपारी जेवायला बसायची, मग परत बसमध्ये बसायची, आणि रात्री दिवसभराच्या श्रमांनी दमून टीव्हीसमोर बसायची. बुधवारी तर दुपारचे तीन तास चर्चच्या तळघरात पत्त्यांना बसायची. एवढं बसूनही बाई कधी कुरकुरली नाही.

बस चार नंबरची. सत्तावीस वर्षं तीच चालवत होती. शून्याखाली तीस असो की चाळीस, इंजिन गोठू नये म्हणून रात्री त्याला विजेची तार लावून ठेवायची, पहाटे काढायची, आणि खडीच्या रस्त्यावरून शेहेचाळीस मैलांचा फेरा. कुणाचा कुत्रा कोणत्या वळणावर चाकामागे लागतो, कुणाच्या घरात नवराबायकोचं भांडण चाललंय, हे तिला रस्त्यावरूनच कळायचं. फाटकाशी पोरं उभी असताना स्वयंपाकघरातला दिवा लागलेला आहे की नाही, एवढं पुरे. स्वतःची दोन्ही मुलं लांब गेलेली, एक फिनिक्सला, एक मिनिआपोलिसला, नाताळला फोन करणारी. तिचं खरं घरदार म्हणजे ती पिवळी बस.

जानेवारीच्या एका मंगळवारी ती दवाखान्यात गेली. गावाला डॉक्टर नाही. मंगळवारी मार्लिस ट्वेट नावाची नर्स यायची, ती तपासायची, औषधं लिहायची, आणि गाडी चालवणाऱ्यांच्या आरोग्यदाखल्यावर सहीसुद्धा करायची. बाई हुशार, पण वरच्या तालुक्यातली, नॉर्वेजियन. होफनटालचे लोक रशियातून आलेल्या जर्मनांचे नातू-पणतू. त्यांच्या मते नॉर्वेजियनांना मीठ माहीत नाही आणि हसू माहीत नाही.

"आल्विना, तुझी तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पॉइंट सहा आली," मार्लिस म्हणाली.

"मग बरंय की. शेजारच्या डोरिसची नऊच्या वर असायची."

"डोरिस वारली."

"ट्रॅक्टरवरून पडून वारली. साखरेनं नाही. आणि वय ब्याण्णव."

मार्लिस हसली नाही. म्हटलं ना, नॉर्वेजियन. "एप्रिलच्या पंधराला तुझा दाखला संपतो. तोवर आठच्या खाली आणलीस तर मी सही करीन. नाही आणलीस तर नाही करणार. माझी रेघ आठवर आहे. कुणाची दुसरीकडे असेल, पण तो माणूस शंभर मैलांवर बसतो."

"सही नाही म्हणजे?"

"सही नाही म्हणजे बस नाही."

आल्विनानं कोटाची बटणं लावायला घेतली, आणि खालचं बटण वरच्या काजात गेलं.

"गोळ्या चालू आहेत त्याच ठेवू," मार्लिस म्हणाली. "आणि उठाबशा. दहा. जेवण झालं की दहा, आणि बसून अर्धा तास झाला की पुन्हा दहा. एक मिनिट लागतं. खुर्चीत बसायला जातेस तसं जायचं, टेकायच्या आत उठायचं. व्यायामशाळा नको, बूट नकोत, यंत्र नको."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच म्हटल्यावर आल्विनाचा विश्वासच उडाला. हजार डॉलरचं यंत्र सांगितलं असतं तर तिनं निदान तक्रार करत का होईना पण मानलं असतं. फुकटचा उपाय म्हणजे दुसरा काही नाही म्हणून सांगितलेला उपाय.

घरी नवरा, रेनहोल्ड. तो निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली, आणि ती आठही वर्षं त्यानं पाय वर करून मागं झुकणाऱ्या आरामखुर्चीत काढलेली. व्यायाम या विषयात त्याचा अभ्यास दांडगा. सगळा पडल्यापडल्या केलेला.

"उठाबशांनी काय होतंय!" तो म्हणाला. "घाम आला पाहिजे. घाम नाही तर काही नाही."

"तुला शेवटचा घाम कधी आला होता?"

"मी माझं नाही सांगत, नियम सांगतोय." मग जरा दमानं तो म्हणाला, "आणि गेली बस तर गेली. तिकडे बिस्मार्क शहरात सेल लागलाय. मी तुझ्यासाठी जोडीची खुर्ची सांगून ठेवलीय. माझ्यासारखीच, तपकिरी."

बायकोवरची माया म्हणजे अशी. तिचा पाय घसरायच्या आधीच यानं खाली गादी अंथरली. शुक्रवारी खुर्ची आली. दोन तपकिरी खुर्च्या शेजारीशेजारी, टीव्हीकडे तोंड करून, जणू दफनभूमीतले नवराबायकोचे दगड. फक्त तारीख कोरायची राहिलेली. आल्विनानं त्या दुसऱ्या खुर्चीवर धुतलेले कपडे टाकले आणि ठरवलं, की त्यांच्या घड्या एप्रिलपर्यंत करायच्या नाहीत.

उठाबशा मात्र तिनं दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरू केल्या होत्या. पण कशा? ती वाढली शेतावर. शेतावरचा नियम असा, की आधी काम, मग न्याहारी. गोठा झाडल्याशिवाय, कोंबड्यांना टाकल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही. आणि काम अर्धं टाकून उठणारा माणूस आळशी, तुकड्यातुकड्यांनी करणारा तर दळभद्रीच. दिवसाच्या दहा वेळा दहा म्हणजे शंभर झाल्या ना? मग पहाटे साडेचारला, गॅरेजमध्ये, बसची तार काढायच्या आधी, ट्रकच्या मागच्या फळीला धरून एका दमात शंभर. गुडघे असे वाजायचे, की आत कुणी अक्रोड फोडतंय. मग उरलेला दिवसभर, कर्तव्य पुरं केल्याच्या समाधानात, ती बसून राहायची. उलट जरा जास्तच. शंभर उठाबशा केलेल्या बाईनं कूखनचा दुसरा तुकडा घ्यायला काय हरकत? गोड पिठाचा तळ, वर मलईचं घट्ट कस्टर्ड, त्यावर सुके प्लम. रेनहोल्डनं हिशेबच मांडून दिला होता, पन्नास उठाबशांना एक तुकडा. हा हिशेब त्यानं कुठल्या शास्त्रातून आणला ते विचारू नका. तुकडे मात्र दोघांचे व्हायचे, उठाबशा एकटीच्या.

महिना झाला. जेवणानंतर बोटाला सुई टोचली की घरच्या यंत्रावर त्या घटकेच्या साखरेचा आकडा दोनशेच्या वर. पी हळद आणि हो गोरी, असं काही तिचं म्हणणं नव्हतं. पण महिनाभर हळद प्यायल्यावर निदान पिवळेपणा तरी दिसावा!

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी ती तणतणत दवाखान्यात गेली. "तीन हजार उठाबशा केल्या मी. मोजून. गुडघ्यांची वाट लागली आणि साखर ढिम्म."

मार्लिसनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "लहानपणी गाई किती होत्या तुमच्याकडे?"

"अठरा."

"दूध कधी काढायचात?"

"सकाळ-संध्याकाळ. हे काय विचारणं झालं?"

"दोनदा कशाला? सोमवारी पहाटे आठवड्याचं एकदम काढून ठेवायचं. काम संपलं."

बिनमिठाच्या बाईनं मीठ बरोबर जागी चोळलं होतं.

"हे बघ," मार्लिस खुर्ची ओढून समोर बसली. "सुगीत कोठारापाशी गव्हाच्या ट्रकांची रांग लागते की नाही? तू जेवलीस, की साखर तशी रक्तात रांग लावते. तुझ्या मांड्या म्हणजे अंगातलं सर्वांत मोठं कोठार. स्नायू हलला, की तो आपणहून दार उघडतो आणि माल आत घेतो. बसलीस की दार जवळजवळ बंद. तू पहाटे, एकही ट्रक आलेला नसताना, दार धडाधडा उघडतेस. थोडा फायदा होतो त्याचाही, नाही असं नाही. पण दुपारी रांग रेल्वे फाटकापर्यंत गेली, की तू खुर्चीत."

सुगीतल्या त्या रांगेत आल्विनानं बापाशेजारी बसून अख्खे दिवस काढलेले. हे तिला एका फटक्यात कळलं. इतकं सोपं होतं तर पहिल्यांदाच का नाही सांगितलं, असा रागही आला.

"आणि तो दुसरा तुकडा," मार्लिस म्हणाली.

"कसला तुकडा?"

"आल्विना. मी या तालुक्यात अकरा वर्षं काम करतेय."

तरी तिनं घरी जाऊन ताडून पाहिलं. ती काही कुणाच्या शब्दावर जाणारी नव्हती. एक दिवस नेफला सूपची एक वाटी, म्हणजे बटाट्यात पिठाचे गोळे आणि वर मलई, पिठाला पिठाचीच सोबत, आणि कूखनचा एक तुकडा. मग तासभर बसून राहिली. आकडा दोनशे सोळा. दुसऱ्या दिवशी तीच वाटी, तेवढाच तुकडा, पण उठून दहा, थोड्या वेळानं दहा, पुन्हा दहा. आकडा एकशे त्र्याहत्तर.

"यंत्र बिघडलंय," रेनहोल्ड खुर्चीतून म्हणाला.

"मग आण तुझं बोट."

त्यानं बोट दिलं नाही. पुढचे कित्येक दिवस त्यानं तिच्यासमोर हातच खिशाबाहेर काढला नाही.

तर आता उपाय कळला. घरात अडचण नव्हती, बसमध्येही नव्हती. मुलं उतरली, की शाळेच्या अंगणात गाडी बंद करून, दोन बाकांच्या पाठी धरून, मधल्या वाटेत दहा. अडचण होती बुधवारची. चर्चच्या तळघरात अकराला जेवण, आणि जेवण म्हणजे सात बायकांनी एकमेकींवर कुरघोडी करायला केलेली सात कूखनं. मग बारा ते तीन पिनॉकल, म्हणजे दोन-दोन भिडूंचा पत्त्यांचा खेळ. आठवड्यातली सर्वांत लांब ट्रकांची रांग नेमकी त्या तळघरात लागायची, आणि तिथं उठून उठाबशा काढायच्या म्हणजे? होफनटालमध्ये माणूस चोरी करेल, दारू पिईल, एखादवेळी बायकोला सोडेल, पण चारचौघांत स्वतःकडे लक्ष वेधून घेणार नाही. लाल रंगाचा कोट घेतला म्हणून एका बाईबद्दल अजून बोलतात, आणि कोट झिजून सोळा वर्षं झाली.

म्हणून पहिल्या बुधवारी आल्विना दर अर्ध्या तासानं स्वच्छतागृहात गेली आणि दार लावून दहा काढून आली. सहाव्या वेळी बाहेर आली, तेव्हा तळघरातल्या सगळ्या माना पत्त्यांत खुपसलेल्या होत्या, म्हणजे बोलणं नुकतंच थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी हुल्डा ब्रोशेल दारात क्रॅनबेरीच्या रसाची, म्हणजे लघवीच्या त्रासावरच्या घरगुती औषधाची, बाटली घेऊन हजर.

"आमच्या आईलाही व्हायचं हो असं," ती हळू आवाजात म्हणाली. हळू म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतकंच.

हुल्डा म्हणजे पत्त्यांतली पक्की वैरीण. चाळीस वर्षं आल्विना आणि तिची भिडू ओटिलिया एका बाजूला, हुल्डा आणि तिचा नवरा एमिल दुसऱ्या बाजूला. एमिलला कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे हुल्डाशी त्याचा संसार सुखाचा झाला होता.

पुढच्या बुधवारी आल्विना कोट टांगायच्या कोनाड्यात गेली. पास्टर आपला कोट घ्यायला आले, तो कोटांच्या रांगेतून एक डोकं वरखाली होतंय. "देव तुमचं भलं करो," एवढंच म्हणून ते बिनकोटाचे शून्याखाली वीस अंशांत निघून गेले.

मार्च लागला. दिवस थोडे राहिले. तिसऱ्या बुधवारी आल्विनानं विचार केला, की लाज एकदाच जाईल, बस गेली तर कायमची जाईल. पत्ते वाटून झाल्यावर तिनं आपले उचलून पाहिले, पालथे ठेवले, खुर्चीच्या पाठीला धरलं आणि दहा काढल्या. सगळे छताकडे पाहत होते. तिकडच्या बोलीत याचा अर्थ, सगळ्यांनी पाहिलं.

पण त्या दिवशी नशीब असं फळफळलं, की आल्विना-ओटिलियानं ओळीनं चार डाव मारले. आणि पाचव्याला हुल्डानं पत्ते टेबलावर आपटले.

"मी मोजतेय," ती म्हणाली. "मघाशी हिनं आठ काढल्या, तर ओटिलिया बरोबर बदामाचा हुकूम बोलली. आता हिनं सहा काढल्या. सहाचा अर्थ काय, ओटिलिया?"

"मला काय माहीत!" ओटिलिया बिचारी लालेलाल. "मी हिच्याकडे बघतच नाही. बघवत नाही."

"दोन्ही वेळा दहाच होत्या," आल्विना म्हणाली. "मधेच गुडघा अडकतो, म्हणून जरा थांबते आणि मग उरलेल्या काढते."

"चाळीस वर्षं मी या टेबलावर बसतेय. खोकून खुणा करणारे पाहिले, कान खाजवणारे पाहिले. बुडानं खुणा करणारी पहिल्यांदा पाहतेय."

"काय म्हणाली?" एमिल ओरडला.

"फसवतात म्हणते!" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी तितक्याच जोरानं सांगितलं.

साखरेनं माणूस मरतो, हे होफनटालला मान्य होतं. पण पत्त्यांत फसवल्याचा डाग मेल्यावरही जात नाही. अंत्यविधीच्या प्रार्थनेनंतरच्या जेवणात लोक आठवण काढतात. हुल्डा म्हणाली, "एक तर बसून खेळ, नाही तर खेळू नकोस. तुझं तू ठरव."

आल्विना उभीच होती. घरी जावं, असं पायांना वाटत होतं. तिनं खुर्ची घट्ट धरली.

"माझी साखर आठ पॉइंट सहा आहे," ती म्हणाली. "पंधरा एप्रिलपर्यंत आठच्या खाली आली नाही, तर बस काढून घेणार. बसून राहिले तर येत नाही, उठले तर येते. हे मी बोट टोचून टोचून पाहिलंय. मी फसवत नाहीये हुल्डा, मला गाडी चालवायचीय."

गावाला साखर केव्हाचीच माहीत होती. आकड्यासकट माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि बाईनं उभं राहून सांगणं वेगळं. कुणी कॉफीच्या कपात बघत होतं, कुणी नखांत.

हुल्डाला दया आली, असं लिहायला आवडलं असतं. पण हुल्डाच्या अंगात दयेपेक्षा संशय जास्त मुरलेला, आणि कामाला तोच आला. आपटलेले पत्ते गोळा करत ती म्हणाली, "तू एकटी उठणार, म्हणजे खूण होणार. आम्ही कसं ओळखायचं? त्यापेक्षा सगळ्यांनी उठायचं. प्रत्येक वाटपाच्या आधी, पत्ते हातात यायच्या आत, सगळ्यांनी दहा. मी मोठ्यानं मोजणार. मग बघू कोण कुणाला काय सांगतंय."

"सगळ्यांनी?" ओटिलिया म्हणाली. "माझी कंबर..."

"खुर्चीला धर. एमिल, ऊठ!"

"जेवण लागलं?"

"ऊठ!"

आणि मार्चमधल्या त्या बुधवारी, होफनटालच्या चर्चच्या तळघरात, सहा टेबलांवरची चोवीस माणसं, सगळ्यांत धाकटी साठीची, खुर्च्यांच्या पाठी धरून वरखाली झाली. सांध्यांचा असा आवाज उठला, की वर पास्टरांना वाटलं, पाइप गोठून फुटले. हुल्डा मोजत होती, आणि अर्धवट वाकणाऱ्याला नाव घेऊन पुन्हा करायला लावत होती. गंमत म्हणजे आता कुणालाच लाज नव्हती. सगळेच करतात म्हटल्यावर न करणाराच नजरेत भरतो.

एका दुपारी वाटपं व्हायची अठरा-वीस. बायकांनी दुसऱ्या बुधवारी तक्रार केली, तिसऱ्या बुधवारी कुणाच्या मांड्या जास्त दुखतात यावर चढाओढ लावली, चौथ्या बुधवारी सातातली तीन कूखनं उरली, कारण पोट भरून वाकता येईना. मार्लिस काय, कुणी मोठा शास्त्रज्ञ आला असता तरी त्याला जे जमलं नसतं, ते हुल्डाच्या संशयानं करून दाखवलं. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात. इथं थेंबाथेंबानं ते आटत होतं.

चौदा एप्रिल, मंगळवार. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झालेला. सकाळचा फेरा करून आल्विना दवाखान्यात गेली. मार्लिसनं बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात घातला. यंत्राला पाच मिनिटं लागतात. आल्विना भिंतीवरचं हृदयाचं चित्र पाहत उभी राहिली.

"बस ना," मार्लिस म्हणाली.

"नको. बसूनच इथवर आले."

यंत्र वाजलं. मार्लिसनं आकडा पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"सात पॉइंट आठ."

"म्हणजे खाली?"

"खाली. थोडी, पण खाली." तिनं कागद ओढला. "सगळं श्रेय उठाबशांना देऊ नकोस. गोळ्या आहेत, तो दुसरा तुकडा सुटलाय. कुणी किती केलं, मला सांगता यायचं नाही. आणि सही दोन वर्षांची नाही, एका वर्षाची करतेय. चार दिवस बसून राहिलीस तर साखर पुन्हा चढते. तिला तुझी सत्तावीस वर्षं माहीत नाहीत."

सही झाली. आल्विनानं कागदाची घडी घातली, सही पाहायला उलगडली, पुन्हा घातली, असं तीनदा. मार्लिस तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. नॉर्वेजियनांना अगदीच काही कळत नाही, असं नाही.

बाहेर बाकावर हुल्डा बसलेली होती. डावी बाही कोपरापर्यंत वर सारलेली.

"एमिलच्या कानासाठी आलेय," ती लगेच म्हणाली.

एमिल कुठं दिसत नव्हता. आल्विनानं बाहीकडे पाहिलं.

"किती आली?" हुल्डानं विचारलं.

"सात पॉइंट आठ. सही मिळाली."

"हं." हुल्डानं बाही खाली ओढली, मग पुन्हा वर केली. "दुखतं का गं जास्त, ते टोचतात तेव्हा?"

आल्विना घड्याळाकडे न बघता तिच्या शेजारी टेकली. "बोटालाच टोचतात, मुंगी चावल्यागत. मी थांबू?"

"थांब म्हणत नाही मी."

"साडेतीनपर्यंत मला मोकळंच आहे. मग शाळा सुटते."

दोघी बाकावर बसून राहिल्या. आतून मार्लिसनं नाव पुकारलं, तेव्हा हुल्डा जागची हलली नाही. आल्विनानं उठून तिला हात दिला.